हद्दीवरचं पाणी

पुणतांब्याचा सहादेव परदेशातल्या बोटीवर कामाला लागला, ही गोष्ट कितीतरी दिवस गावात कुणाला खरी वाटत नव्हती. श्रीरामपूरकडच्या एका साखर कारखान्यात तो बॉयलरवर होता. तिथंच कोल्हारच्या गोरक्षशी त्याची गट्टी जमली. इंजिनाचं काम येणारी माणसं मुंबईला बोटीवर घेतात असं कानावर आलं, आणि एकाहत्तर साली दोघं मिळूनच गेले. गोरक्षची आई राहीबाई एस.टी.पर्यंत पोचवायला आली होती. "बराबर ऱ्हावा रं दोघं," एवढंच म्हणाली.

त्याच हिवाळ्यात आखातात त्यांचं मालवाहू जहाज वादळात फुटलं. दोघं जहाजाच्या उलटलेल्या होडीला धरून तरंगत राहिले. उजाडल्यावर वारा पडला आणि एक गस्तीची बोट दिसली. इतकी जवळ, की वरच्या शिपायांचे चेहरे ओळखू यावेत. सहादेव घसा फुटेस्तोवर ओरडला. गोरक्षनं अंगातला सदरा काढून हलवला. बोट थांबली, जरा वेळ तशीच डुलत राहिली, मग वळली आणि गेली.

त्या पाण्यावरून दोन देशांचं भांडण होतं. दोघं हद्दीच्या पलीकडं होते; हद्द ओलांडली तर पलीकडून गोळी येईल, असं शिपायांना वाटलं असावं. पलीकडच्या देशाची बोट आली ती दुसऱ्या दिवशी. तोवर गोरक्षचा हात सुटला होता.

सहादेव परत आला तो घरी न जाता आधी कोल्हारला उतरला. राहीबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं विचारलं, "पान्यात बांध हुता का रं?"

"न्हाई मावशे. समदं एकच पानी."

"मंग त्येंला कसं कळलं, कुनाचं हाय ते?"



मुंबईला जहाज बुडाल्याची चौकशी झाली तेव्हा राहीबाई आणि सहादेव दोघंही गेले. चौकशीचा साहेब भला माणूस होता. त्यानं राहीबाईला खुर्ची दिली. म्हणाला, "बाई, जहाज एका देशाचं, पाणी दुसऱ्यांचं. आपल्याला कुणाला जाब विचारता येत नाही, तसा कायदाच नाही. बुडत्या माणसासाठी गस्तीच्या बोटींनी एकमेकांच्या हद्दीत जावं, असं त्या देशांनीच ठरवायला हवं. मी वर कळवतो."

"कळवा," राहीबाई म्हणाली.

मग दुष्काळ आला. राहीबाई खडी फोडायला जाऊ लागली. सहादेव आठवड्याला कोल्हारला जायचा. तिच्या रानात कुळव मारायचा, पाणी भरायचा, छप्पर शाकारायचा. बोटीवर पुन्हा बोलावणं आलं, पण गेला नाही. एक दिवस राहीबाईनं त्याच्या पुढ्यात ताट ठेवलं आणि तोंड फिरवून म्हणाली, "सहादेवा, तू आलास की मी तुज्या मागं बघती. त्यो बी येत आसंल असं वाटतं. आता नगं येत जाऊ."

सहादेवनं ताटातलं सगळं संपवलं, हात धुतले आणि निघाला. त्यानंतर तो कोल्हारच्या वाटेला गेला नाही.

चौऱ्याहत्तरच्या थंडीत श्रीरामपूरच्या स्टेशनात त्याला बोटीवरचा एक जुना खलाशी भेटला. त्यानं सांगितलं, त्या दोन देशांनी करार केला. आता गस्तीच्या बोटी एकमेकींना वायरलेस करतात, माणूस पाण्यात असेल तर हद्द बघत नाहीत. सहादेवनं तिथूनच कोल्हारची एस.टी. धरली.

राहीबाई शेतात होती. फार वाळली होती. त्यानं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "लोकांची पोरं वाचत्याल." तिनं विळा खाली ठेवला. इतक्या दिवसांत जे विचारलं नव्हतं ते तिनं आता विचारलं. "जाताना काय म्हनला रं त्यो?"

सहादेवनं खाली बघितलं. "तहान लागली, म्हनला."

राहीबाई जोंधळ्याच्या कडेला खाली बसली. सहादेव तिच्यापासून थोडा लांब उभा राहिला. उन्हं उतरली, माणसं घराकडं परतू लागली, तरी ती उठली नाही, आणि त्यालाही तिला ऊठ म्हणवेना.