मास्तरांच्या खडूच्या डब्यातल्या गोळ्या

मी तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते, नंतर कुणी तक्रार करायला नको. आमच्या ह्यांना अख्खा रस्ता मास्तर म्हणतो, म्हणून मीही म्हणते. शाळेतले नव्हेत हो, शिवणकामातले. छत्तीस वर्षं झाली. एक खोली, दोन मशिनी, एक कापायचं टेबल, एक इस्त्री आणि आम्ही दोघं. मापं घेणं, कापणं, शिवणं त्यांचं. काजं, बटणं, तुरपाई माझी. गिऱ्हाइकाशी हुज्जत घालायचं कामही माझंच, ते कुणी मला दिलेलं नाही, मी घेतलंय.

दोन वर्षांपूर्वी मास्तरांच्या छातीत कळ आली. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट, म्हणजे जाळीची नळी, बसवली. हृदयाच्या डॉक्टरांनी घरी सोडताना कागदावर दोन गोष्टी ठळक लिहून दिल्या. छोटी ॲस्पिरिनची गोळी रोज घ्यायची, चुकवायची नाही. आणि दुखण्याची कुठलीही गोळी विचारल्याशिवाय घ्यायची नाही. तो कागद मी मशिनीच्या वरच्या खिळ्याला अडकवला, येता-जाता दिसावा म्हणून.

यंदा शाळांच्या गणवेशांचं काम नेहमीपेक्षा दुप्पट आलं. जाडं कापड, सहा-सहा थर एकावर एक आणि हातात ती लोखंडी कात्री. आठवड्याभरात मास्तरांचा उजवा खांदा आखडला. हात डोक्याच्या वर जाईना. शर्ट घालताना दात-ओठ खायचे, पण विचारलं तर "काही नाही गं." एक दिवस त्यांच्या खिशात पट्टी सापडली. आयबुप्रोफेन. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून आणलेली.

मी काय तोंड सोडलं म्हणता! खिळ्यावरचा कागद त्यांच्या नाकासमोर नाचवला. पट्टी कचऱ्यात टाकली. "पुन्हा त्या दुकानाची पायरी चढलात तर मी ह्या दुकानाची चढणार नाही," मी म्हणाले. मास्तर मान खाली घालून कॉलर उलटवत बसले. मला वाटलं, झालं, प्रश्न मिटला.

आता माझी अक्कल ऐका. चार दिवस त्यांची ती तगमग मला बघवेना. माझ्याकडे गुडघ्याच्या गोळ्या होत्या, डायक्लोफेनॅक, डॉक्टरांनीच लिहून दिलेल्या. मी विचार केला, ही काही ह्यांच्यासारखी दुकानातून उचलून आणलेली नाही, ही रीतसर डॉक्टरची गोळी. मला चालते तर त्यांना का नाही चालणार? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय! दुपारी जेवण झालं की एक आणि रात्री निजताना एक, असं सुरू केलं. मास्तर पाण्याचा पेला घ्यायचे आणि मुकाट्याने गिळायचे. खिळ्यावरच्या कागदाकडे मी बघायचं सोडून दिलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात मास्तर फिके दिसायला लागले. दुकानाला तीनच पायऱ्या, त्या चढताना धाप लागायची. मला वाटलं, कामाने अशक्तपणा आला, म्हणून लोहाचं टॉनिक आणलं. त्या टॉनिकने शौचाला काळं होतं, असं दुकानदाराने सांगितलं होतं. त्यामुळे मास्तरांनी दोनदा सांगितलं, "डांबरासारखं होतंय," तेव्हा मी म्हणाले, "टॉनिक लागू पडतंय, चांगलं आहे." आजही ते वाक्य आठवलं की माझ्या अंगावर काटा येतो.

मंगळवारी सकाळी दहाला त्यांचा चेहरा फारच उतरला होता. मी म्हणाले, आज दुपारची वाट नको बघायला, आणि तेव्हाच एक गोळी दिली. अकराच्या सुमाराला मी बटणं लावत होते, तेवढ्यात कात्रीचा आवाज थांबला. बघते तर मास्तर टेबलाला टेकून उभे. कापलेली बाही खडूच्या रेघेवरून पार बाजूला गेलेली. छत्तीस वर्षांत ह्या माणसाची कात्री रेघ सोडून गेलेली मी पाहिली नव्हती.  "अहो, काय होतंय?" म्हणेपर्यंत ते खाली बसले आणि ओकले. त्या ओकारीचा रंग कॉफीच्या चोथ्यासारखा होता. कपाळावर हात ठेवला तर गार घाम.

गाडी कुणी आणली, दुकान कुणी बंद केलं, मला काही आठवत नाही. लेकीला फोन मीच केला असणार, कारण ती आमच्याआधी दवाखान्याच्या दारात उभी होती. मला एवढंच आठवतं की सगळ्या वाटेत मी मास्तरांच्या शर्टाचं एक बटण मुठीत धरून ठेवलं होतं आणि मनात म्हणत होते, ह्यांना काही झालं तर मी काय करू?

अपघात विभागातली डॉक्टर पोरसवदा होती, आमच्या लेकीपेक्षाही लहान. तिने नाडी पाहिली, पोट दाबलं, डोळ्याची पापणी खाली ओढली आणि नर्सला एका दमात चार गोष्टी सांगितल्या. त्यात "रक्ताच्या दोन पिशव्या" एवढं मला कळलं. 

"पोटात रक्तस्राव होतोय," ती म्हणाली. "दुखण्याच्या गोळ्या घेता का, काका?"

मी तोंड उघडणार तोच मास्तर म्हणाले, "घेतो. दुकानातून आणून. दिवसाला दोन."

 म्हणजे माझ्या पाठीमागे चालूच होतं!

"कुठल्या गोळ्या? पट्टी आहे?"

"पट्ट्या नाहीत. सोलून खडूच्या डब्यात ठेवल्यात."

डॉक्टर म्हणाली, कुणीतरी जाऊन घेऊन या. लेक निघाली होती, पण मी तिला मास्तरांपाशी बसवलं आणि स्वतः धावले. खरं सांगायचं तर मला तिथून पळायचं होतं. आमच्या दुकानाचा एक शिरस्ता आहे. कापणाऱ्याची कात्री आणि खडू दुसऱ्याने हाताळायचे नाहीत. खडूची कड मास्तर आपल्या बोटाला साजेशी घासून ठेवतात, म्हणून छत्तीस वर्षांत मी त्या डब्याला हात लावला नव्हता. त्यांना ते पक्कं ठाऊक होतं. झाकण उघडलं. चपट्या खडूंच्या खाली चौदा गोळ्या, खडूच्या भुकटीत लोळून पांढऱ्या झालेल्या. पट्टीचा चरचर आवाज माझ्या कानावर जाऊ नये म्हणून सोललेल्या. मी तो डबा छातीशी धरला आणि तिथेच हंबरडा फोडला. मग तोंड पुसलं आणि परत धावले.

डॉक्टरने एक गोळी पुसून बघितली. "आयबुप्रोफेन. आणि रोजची ॲस्पिरिन. दोन्ही एकाच घराण्यातल्या, काका. अंगात एक पदार्थ तयार होतो, त्याने सूज येते, दुखतं. ही गोळी तो अडवते, म्हणून बरं वाटतं. पण त्याच्याच भाऊबंदांवर पोटाचं आतलं अस्तर टिकून असतं आणि मूत्रपिंडाला नीट रक्त मिळतं. गोळी त्यांनाही अडवते. त्यात ॲस्पिरिनने रक्त लवकर थांबत नाही."

अस्तर म्हटल्यावर मला सगळं लख्ख दिसलं. वरून कोट धड असतो आणि आतून अस्तर झिजून हात आरपार जातो, असे कोट आमच्याकडे रोज येतात.

"आणखी काही घेतलंत? दुसरी कुठली गोळी?" तिने विचारलं. "नीट आठवून सांगा. दुर्बिणीने बघायला नेण्याआधी मला कळायला हवं."

मास्तरांचे ओठ पांढरे पडले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नाही," म्हणाले. "एवढ्याच."

मला वाचवत होते. तिथे, तशा अवस्थेत! आणि मी, जी अख्ख्या रस्त्याला शहाणपण शिकवते, ती मी गप्प बसले. लेक समोर उभी होती. तिलाच मी महिनाभर फोनवर सांगत होते, तुझे बाबा ऐकत नाहीत, मी आहे म्हणून घर चाललंय. आता तिच्यादेखत काय सांगू?  भीती कसली वाटत होती तेही सांगते. मास्तर जातील ही भीती होतीच, पण माझ्यामुळे गेले हे सगळ्यांना कळेल, ही भीती त्याच्या शेजारी येऊन बसली होती. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

नर्सने खाट ढकलायला घेतली. चाकांचा आवाज झाला आणि मी ओरडले, "थांबा! मी दिल्यात. माझ्या गुडघ्याच्या. डायक्लोफेनॅक. रोज दोन, असं तीन आठवडे. आज सकाळी दहालासुद्धा मीच दिली."

लेकीने तोंडावर हात ठेवला. डॉक्टर मात्र ओरडली नाही. तिने घड्याळ बघितलं, कागदावर लिहिलं आणि नर्सला म्हणाली, "मूत्रपिंडाची तपासणी आत्ताच पाठवा." मग मला म्हणाली, "सांगितलंत ते बरं झालं."

दीड तास मी बाकावर बसले होते. लेक शेजारी होती. समोरचं दार सारखं उघडत होतं. दर वेळी वाटायचं, आता कुणीतरी येईल, हळू आवाजात "या" म्हणेल आणि सगळं संपेल. मी देवाला म्हटलं, माझी जीभ घे, गुडघे घे, पण हा माणूस परत दे.

डॉक्टर आली. जठरात व्रण होता, दुर्बिणीतून चिमटा लावून रक्त थांबवलंय, म्हणाली. मूत्रपिंडावर ताण आलाय, पण उतरेल असं दिसतंय. ॲस्पिरिनचं हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून ठरवू, तुम्ही मनाने काही बंद-चालू करायचं नाही. माझा जीव भांड्यात पडला, आणि जीव ठिकाणावर आला तशी जीभही आली. "मग असल्या गोळ्या विकतात तरी कशाला?" मी फणकारले.

"कामाच्या आहेत म्हणून," ती शांतपणे म्हणाली. "तुमच्या गुडघ्याला मीही दिली असती. थोडे दिवस, कमीत कमी, जेवणानंतर. पण साठी उलटलेला, स्टेंट बसवलेला, रोज ॲस्पिरिन घेणारा माणूस वेगळा. गोळी आजाराची नसते हो काकू, माणसाची असते."

 

चौथ्या दिवशी मास्तरांच्या गालावर जरा रंग आला. लेक डबा आणायला गेली होती. खिडकीतून ऊन खाटेवर येत होतं. तीन दिवस गिळून ठेवलेला प्रश्न मी विचारला.

"अहो, तुमची तुम्ही घेतच होतात. मग माझी कशाला घेत होतात? मी रागावेन म्हणून?"

"नाही गं. तुझ्या रागाला कोण भितो?"

"मग?"

 "तू गोळी दिलीस की काम टाकून शेजारी बसायचीस," ते म्हणाले. "पाच मिनिटं खांदा चोळायचीस. घेतली आहे म्हटलं असतं, तर उठून गेली असतीस."

 माझा भडका उडाला. "पाच मिनिटांसाठी? मेला असतात की हो! तोंडाने मागता येत नव्हतं?"

"तू कधी थांबतेस, मागायला?"

मी उठले, दारापर्यंत गेले, परत आले. सलाईनचा हात सांभाळून खाटेच्या कडेला बसले आणि उजवा खांदा चोळायला घेतला. हाड हाताला लागत होतं, इतके वाळले होते. मी चोळत राहिले.

"दुखतंय?" मी विचारलं.

"दुखतंय," मास्तर म्हणाले.

आता त्यावर द्यायला माझ्याकडे कुठलीच गोळी नव्हती. मी जरा सरकून नीट बसले.