टिकल्यांचे गाउन आणि पाचूबंदरचे कावळे

"मॅडम, हा कपडा यांच्या अंगात आहे!" ऑडिटर पेंडसे पाचूबंदरच्या धक्क्यावर ओरडले आणि मी धावत त्यांच्याजवळ गेले.

समोर मासळी विकणारी फिलूमावशी ऐटीत बसली होती. साडीवर आमच्या फॅक्टरीच्या गाउनचा वरचा अर्धा भाग. सोनेरी टिकल्या नुसत्या लखलखत होत्या.

मी वसईतल्या एका गारमेंट फॅक्टरीत कंप्लायन्स बघते. म्हणजे टाकाऊ कापड शेवटी कुठे जातं, याचं उत्तर मी द्यायचं. सुती चिंध्या पिंजून पुन्हा धागा होतो. टिकल्यांच्या कापडाला मात्र कोणी हात लावत नाही, मशीनची पाती मोडतात. रिजेक्ट गाउन जाळायचे नाहीत, कचऱ्यात टाकायचे नाहीत आणि कोणाला घालता येता कामा नयेत, हा परदेशी ब्रँडचा नियम. म्हणून 'म्युटिलेशन' करतात. साध्या भाषेत, कापून निकामी करणं. आम्ही ते कमरेत आडवे कापले आणि कोळणींना दिले. वाळत्या बोंबलांवर टांगले की चकाकीला कावळे बिचकतात. या आयडियावर मी भलतीच खूश होते! आता ब्रँडतर्फे तपासायला आलेल्या पेंडशांनी सही केली नाही तर ऑर्डर जाणार होती आणि शिलाईची एक अख्खी लाइन घरी बसणार होती.

"मावशी, काढ ना ते!" मी कळवळून म्हटलं.

"काढते. मंग कावल्यांना कोन बगनार, तुजा साहेब?"

तिने ते उतरवून मांडीखाली सारलं. मिनिटभरात दोन कावळे टोपलीवर. तिसऱ्याने उचललेला बोंबील नेमका पेंडशांच्या फायलीवर पडला आणि त्यावर चौथा झेपावला. साहेब फाइल फिरवत, उड्या मारत धक्काभर पळाले. कोळणी पोट धरून हसत होत्या. मीही हसले, नोकरी धोक्यात असताना!

"घाला! आधी घाला ते!" पेंडसे लांबूनच ओरडले.

मावशीने घातलं. कावळे पांगले. पेंडशांनी घाम पुसला, मग त्यांनाही हसू फुटलं. फॉर्मवर त्यांनी लिहिलं, 'वापर: कपडा म्हणून नव्हे, कावळे हाकलण्यासाठी.' आणि सही ठोकली. खाली एकच शेरा होता: यापुढे गळ्यापासून उभे कापावेत.

पुढचा लॉट आम्ही इमानदारीत उभा कापला. आठवड्याभरात फिलूमावशीने मधोमध चेन लावून त्याचं जॅकेट केलं.

ज्या गावात घरोघरी शिलाई मशीन आहे, तिथे 'कपडा निकामी केला' असं लिहून देऊ नये. 'प्रयत्न केला' एवढंच लिहावं.