पत्र्याच्या माणसाची चाल

आमच्या सांगलीच्या गल्लीतले सायकलवाले यंत्रांशीसुद्धा अदबीनं बोलायचे बघा. चाक फिरवताना म्हणायचे, "जरा दमानं, बाईसाहेब."

त्यांच्या लेकीनं शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तेलाच्या डब्यांचा यंत्रमानव केला होता. तो अगदी तिच्यासारखाच डावा पाय ओढत चालायचा. प्रदर्शनाच्या आधीच पोरगी तापानं गेली.

यंत्रमानव प्रदर्शनाला न्यायला तिच्या मैत्रिणी आल्या. "काका, तेवढा पाय नीट करा, न्हाईतर नंबर यायचा न्हाई."

त्यांनी साखळी घट्ट-सैल करत, "माफ कर, बाई" म्हणत तो पाय सरळ केला. नंबरही आला.

मी म्हटलं, "आवं, लेकीचं नाव काढलंत!"

यंत्रमानवाकडं बघत ते म्हणाले, "व्हय, वैनी. पण ह्याच्या चालीत आता माझी पोर दिसंना."