गालबोट

मला आधीच कोणावर पटकन विश्वास बसत नाही. त्यात चित्रकलेच्या क्लासमधल्या सरांनी नक्कल करायला दिलं ते बाळ येशूला मांडीवर घेऊन बसलेल्या मेरीचं चित्र, पाचशे वर्षांपूर्वीचं, इटलीतलं. अंगाचा रंग शिकायचा तर हेच, असं ते सगळ्यांना म्हणाले. पण बोलताना बघत होते माझ्याकडे, असं मला वाटलं. लग्नाला वीस वर्षं होऊन मूल नसलेल्या बाईला नजरा बरोबर कळतात.

क्लास कल्याणला, घर डोंबिवलीत. तेलरंग लवकर वाळत नाहीत आणि क्लासमध्ये ठेवायला जागा नाही, म्हणून ओला कॅनव्हास रिक्षात सांभाळत घरी आणायचा आणि हॉलच्या खिडकीत टेकवायचा. पहिल्यांदा आणला तेव्हा सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या. "हेच चित्र मिळालं का?" एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. मला जे समजायचं ते मी समजले.

बाळाच्या गालावर मी जीव ओतलेला. रंगाचे पातळ थर, एक वाळला की त्यावर दुसरा. सर सहसा कौतुक करत नाहीत, पण गाल बघून म्हणाले, असाच पूर्ण झाला तर प्रदर्शनात लावू. आयुष्यात पहिल्यांदा माझं काहीतरी चारचौघांत भिंतीवर लागणार होतं. आणि पुढच्याच आठवड्यात त्या गालावर काळा ठिपका!

पुसायला गेले तर फरफटला, खालचा गुलाबी रंगही थोडा निघाला. दुरुस्त केलं, परत ठिपका. आधी मी ठाण्याच्या दुकानदाराला शिव्या घातल्या, काळ्या रंगाची ट्यूब त्यानेच गळ्यात मारलेली. मग क्लासमधल्या शेजारणीवर डोळा ठेवला. तिच्या बाळाचा गाल अजून बटाट्यासारखा होता, तिला पोटदुखी असणारच. नवरा म्हणाला, माशी बसली असेल. शेवटी सरांनीच ठिपक्याला बोट लावून चोळून बघितलं.

"हा रंग नाहीये," ते म्हणाले. "रंग असता तर एव्हाना वाळला असता."

मग घरात उरलं कोण? माझं डोकं भणभणलं. स्वतःच्या घरात नातवंड नाही म्हणून चित्रातलं पोरही बघवत नाही यांना, असं काय काय मनात आलं. दुसऱ्या दिवशी भाजीला जाते म्हणून निघाले आणि जिन्यातूनच परत फिरले. दार आवाज न करता उघडलं. सासूबाई चित्रासमोर उभ्या, एका हातात छोटी पितळी डबी, दुसऱ्या हाताचं बोट बाळाच्या गालावर.

"आई, हे काय करताय?"

त्या दचकल्यासुद्धा नाहीत. "तू पुसून टाकतेस, म्हणून परत लावावं लागतं. एवढं गोंडस पोर उघडंनागडं खिडकीत बसवलंयस, समोरच्या बिल्डिंगमधून सगळ्यांना दिसतं. दृष्ट लागेल ना त्याला."

डबी मी आधी कधी बघितली नव्हती. कधीची म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, तू या घरात आलीस त्या वर्षी घेतलेली. डबी जुनी होती, आतलं काजळ ताजं होतं. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचा रागही आला.

गाल मी पुन्हा नीट केला, वाळू दिला. मग बारीक ब्रशने काळा रंग घेतला आणि त्यांच्या बोटाच्या जागी तीट काढली. सर वैतागले. मूळ चित्रात हे नाही, असं असेल तर प्रदर्शनात लावता येणार नाही, म्हणाले.

"मग नका लावू," मी म्हणाले.

चित्र आमच्या हॉलमध्ये लागलं. सासूबाई चष्मा लावून जवळ गेल्या, गालावरून बोट फिरवलं, बोटाला काळं लागलं नाही.

"थोडी मोठी चालली असती," त्या म्हणाल्या.