खणक्यांची भाषा

ते पुस्तक माझं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. परदेशात कोणीतरी एका कॉम्प्युटर गेमवरून कादंबरी लिहिली, ती तुफान चालली, आणि पुण्याच्या एका प्रकाशकाने मराठी अनुवादासाठी ती माझ्याकडे पाठवली. त्याआधी मी आहाराची, बागकामाची आणि मधमाश्यांवरचं एक अशी पुस्तकं केली होती. तलवारी, जादू, डोंगराच्या पोटातलं राज्य, यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. तरी हो म्हणाले. आलेलं काम नाकारण्याचा माज मला कधी परवडलाच नाही.

गेम मी खेळले नाही. नागपुरात नंदनवन वस्तीतल्या आमच्या दोन खोल्यांत बसून दुसऱ्यांनी खेळलेल्या गेमचे व्हिडिओ पाहिले आणि डोकं धरून बसले. गोष्ट मात्र सोपी होती. डोंगराखाली एक राणी राहते, तिला एक मुलगी आहे, आणि त्यांच्यासाठी बोगदे खणणारी एक बुटकी जमात आहे. मी त्यांना ‘खणके’ म्हटलं. मूळ पुस्तकात हे खणके मोडकंतोडकं बोलतात. संपादक फोनवर म्हणाले, “त्यांना जरा गावरान टच द्या ना, मजा येईल.” दिला! राणी आणि राजकन्या बोलल्या छापील मराठीत, आणि खणके बोलले आमच्या नागपुरीत. ‘मला’चं ‘मले’, ‘तुला’चं ‘तुले’, ‘का’चं ‘काहून’. शोधावं काहीच लागलं नाही. वाक्यं हातातून भराभर उतरत होती आणि मी स्वतःवरच खूश होते.

पुस्तक छापून आलं तेव्हा बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. बाबा मौद्याकडच्या खेड्यातून आलेले, शिक्षण सातवीपर्यंत. लकडगंजच्या एका आरा मशीनवर त्यांनी जन्मभर लाकूड मोजलं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर आजोबांनी घरात एक नियम केला होता की पुस्तकाला पाय लागता कामा नये, आणि बाबा तो अजून पाळतात. पेपरची रद्दीसुद्धा खाटेवर ठेवतात. त्यात मुलीचं नाव पुस्तकावर छापून येतं म्हणजे काय! पण डॉक्टरांनी महिनाभर वाचायला मनाई केली होती. म्हणून रोज सकाळी चहा घेताना मी त्यांना फोनवरची वाचकांची मतं वाचून दाखवायची.

हिरव्या पट्टीआडून ते विचारायचे, “लोक काय म्हणून राहिले वं माय?”

लोक काहीही म्हणत होते. गेम खेळलेले तर माझ्या नावानं बोटं मोडत होते. ‘तलवारीचं नाव बदलायचा अधिकार अनुवादिकेला कोणी दिला?’ ‘नकाशा नाही, म्हणून एक तारा कमी.’ ‘त्या राक्षसाला मारायला मला चार दिवस लागले होते, पुस्तकात तो दोन पानांत मेला.’ हे ऐकून बाबा काळजीत पडले.

“चार दिवस? मंग त्यानं जेवन केव्हा केलं?”

पण सगळ्यात जास्त मतं होती खणक्यांबद्दल. ‘खणक्यांची भाषा वाचून हसून हसून पोट दुखलं.’ ‘खणके आले की मी मोठ्यानं वाचते, घरात सगळे लोळतात.’ एकाने तर नुसतं ‘काहून?’ लिहून पुढे हसणारे सात चेहरे टाकले होते. तो शब्द मी वाचताना गाळला. ‘पाच तारे आहेत’ एवढंच बाबांना सांगितलं. ते आपले खुशीत मान हलवायचे. “पोट दुखलं म्हंते? मस्त काम केलं तू, बाप्पा!” खणके कोणत्या भाषेत बोलतात ते त्यांना माहीत नव्हतं, आणि मीही सांगितलं नाही. सांगायला काय झालं होतं? माझ्या मनात पाप होतं म्हणूनच सांगितलं नाही, दुसरं काय.

आणखी एक मत मी वाचलं नाही. ते अख्खंच गाळलं. विदर्भातल्याच कोण्या बाईनं लिहिलं होतं, तारे दोन. ‘मी हा गेम शेवटपर्यंत खेळले आहे. त्यात खणके मूर्ख नाहीत. त्यांनी खणलेल्या वाटेनेच शेवटी सगळ्यांचा जीव वाचतो. मराठीत मात्र ते आमच्यासारखे बोलतात आणि सगळे त्यांना हसतात. राणी का नाही बोलत आमच्यासारखी?’ माझं डोकंच फिरलं. मोठी आली शहाणी! एवढं कळतं तर स्वतः कर ना अनुवाद! बाबांना म्हटलं, “झाली आजची मतं,” आणि कप उचलून आत गेले.

महिना संपला. बाबांना नवा चष्मा मिळाला, आणि पहिल्यांदा त्यांनी हातात घेतलं ते माझं पुस्तक. गॅलरीत खुर्ची टाकून तीन दिवस वाचत होते. चौथ्या दिवशी सकाळी मी चहा टाकला, तर बाहेरून आवाज आला.

“मला चहा दे. साखर कमी हवी.”

मी हसलेच. “हे काय बाबा, टीव्हीवर बातम्या द्यायला निघालात की काय?”

ते हसले नाहीत. ‘हवी’ हा शब्द मी त्यांच्या तोंडून जन्मात ऐकला नव्हता. दुपारी म्हणाले, “मी जरा झोपतो आहे.” संध्याकाळी, “तुला भाजी आणायची आहे का?” नवी, चावणारी चप्पल घालून माणूस जसा जपून चालतो, तसे ते बोलत होते. मध्येच अडायचे, शब्द शोधायचे, मग पुढे जायचे. मला वाटलं, दोन दिवसांची लहर असेल. आठवडा झाला तरी तेच.

मग एकदा आत्याचा फोन आला. मी स्वयंपाकघरात होते. गॅलरीतून बाबांचा नेहमीचा आवाज येत होता, मोकळा, मोठा. “हाव वं, मले दिसून राहिलं आता सारं. तू काहून नाई आली?” मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! हात पुसत बाहेर गेले. मला पाहताच त्यांनी फोनवर हात ठेवला. “तुझ्या आत्याचा फोन आहे. तुला बोलायचं आहे का?”

हे फक्त माझ्याशी होतं.

तिसरीत असताना मी वर्गात ‘मले’ म्हटलं होतं, तेव्हा बाईंनी मला उभं करून तेच पुन्हा म्हणायला लावलं आणि वर्ग खिदळला. घरी येऊन मी रडले. बाबांनी मला मांडीवर घेतलं आणि म्हणाले, “शाळेत मला म्हन, घरी मले म्हन. दोनी आपलेच हायत.” मी शाळेत ‘मला’ म्हणू लागले आणि बघता बघता घरीही. बाबांनी कधी हटकलं नाही. चाळीस वर्षं मी ‘मला’ म्हणत राहिले आणि ते ‘मले’, आणि आम्हा दोघांचं कधी काही अडलं नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी सरळ विचारलं, “बाबा, माझं काय चुकलं?”

ते उठले, पुस्तक घेऊन आले. एका पानावर पेन्सिलीची खूण होती. राजकन्या बोगद्यात पडते, तिचा गुडघा फुटतो. एक म्हातारा खणका तिच्याजवळ बसतो आणि विचारतो, ‘काहून रडून राहिली वं माय?’ ते ऐकून तिला रडता रडता हसू फुटतं. पुढे ती मैत्रिणींना त्याची नक्कल करून दाखवते, आणि सगळा महाल हसतो.

लहानपणी मी पडले की बाबा मला हेच विचारायचे. हेच शब्द, याच क्रमानं. मूळ पुस्तकात तिथे एक साधं वाक्य होतं. त्या जागी मी माझ्या बापाचं वाक्य ठेवलं, त्यावर सगळा महाल हसवला, आणि तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही. लाज वाटली. अजून वाटते.

“मी प्रेमानं घातलं हो ते,” मी म्हटलं.

“प्रेमानं घातलं, तर राणीच्या तोंडी काहून...” ते थांबले. चष्मा नीट केला. “का नाही घातलं?”

मग त्यांनी माझाच फोन पुढे केला. त्या विदर्भातल्या बाईचं मत उघडलेलं होतं. “हे वाचून दाखवायचं राहिलं होतं,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. असता तर मी भांडले असते, मला तेवढंच चांगलं येतं.

त्याच दिवशी मी संपादकांना फोन केला. म्हटलं, दुसरी आवृत्ती निघते आहे ना, मला खणक्यांची भाषा बदलायची आहे. नाहीतर राणीलाही नागपुरी बोलू द्या. ते हसले. “अहो ताई, वाचकांना तेच तर आवडलंय! त्याला हात लावू नका.” मी समजावलं, मग चढ्या आवाजात बोलले, मग नको तेही बोलले. त्यांनी शांतपणे फोन ठेवला. दुसरी आवृत्ती जशीच्या तशी निघाली, मागच्या कव्हरवर ‘हसून हसून पोट दुखेल’ असं छापून. बाबांनी ती प्रत दोन्ही हातांनी घेतली आणि कपाटात वरच्या फळीवर ठेवली. पुस्तक आहे ना, खाली ठेवणार नाहीत.

मग मी मनाशी ठरवलं. त्यांनी माझ्यासाठी आपली भाषा सोडली, तर मी त्यांच्यासाठी परत धरीन. दोन दिवस न्हाणीघरात, नळ सोडून, हळू आवाजात बोलून पाहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन गॅलरीत गेले. बाबा पेपर वाचत होते.

“बाबा,” मी म्हटलं, “चहा आनला तुमच्यासाठी. तुमाले बिस्किट देऊ? काल रातभर काहून खोकलून राहिले होते?”

एकही शब्द चुकला नव्हता. बाबांनी पेपर बाजूला ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले. आता म्हणतील, असं मला वाटलं. आता ‘वं माय’ म्हणतील.

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

“नको, बेटा,” ते म्हणाले, एकेक शब्द जपून. “तू तसं बोललीस की मला वाटतं, आता कोणीतरी हसणार आहे.”