पोकळ गिटारमधली पत्रकं

बाबांची गिटार आतून पोकळ होती. विजेवर वाजणाऱ्या बहुतेक गिटारी भरीव लाकडाच्या असतात. हिचं पोट मात्र व्हायोलिनसारखं फुगीर, आणि तारांच्या दोन बाजूंना एकेक वळणदार चीर. वायर न जोडताही ती वाजायची. कोटरा नावाच्या हिंदीभाषक वस्तीतल्या आमच्या घरी वीज गेली की बाबा दारात बसून वाजवत.

पण ते कारखान्याच्या फाटकावरही वाजवायचे. तिथेच टेक्निशियन होते, आणि युनियनच्या गाणाऱ्या मंडळींत एकटेच मराठी. तिथे ॲम्प्लिफायर, म्हणजे ॲम्प, मोठा केला की त्याचा आवाज गिटारच्या पोकळीत शिरे, वरची पातळ फळी थरथरे, ती थरथर पुन्हा ॲम्पमध्ये जाई आणि गिटार हंबरायला लागे. त्यावर बाबांचा उपाय होता. वाटून उरलेली पत्रकं चुरगळून ते चिरांतून आत कोंबत.

मी त्याच पत्रकांवर वाचायला शिकले. कॉलेजात स्वतः पत्रकं लिहू लागले, तेव्हा एका दुपारी त्यांना कागद कोंबताना पाहिलं आणि माझं डोकं फिरलं.

"लोकांच्या मागण्यांचे बोळे करता तुम्ही?"

"अगं, उरलेली आहेत ती."

मी बरंच बोलले. ज्या चळवळीला स्वतःच्या शब्दांची किंमत नाही तिचं काय होतं, वगैरे. बाबांनी चिमटा घेऊन संध्याकाळभर एकेक कागद बाहेर ओढला, तळहाताने सपाट केला आणि माझ्या टेबलावर ठेवला. मी जिंकले होते.

दोन दिवसांनी काढून टाकलेल्या कंत्राटी कामगारांची फाटकावर सभा होती. बाबांनी पहिला सूर छेडला आणि गिटार हंबरली. आवाज कमी केला तर मागे पोचेना, वाढवला की पुन्हा तेच. गर्दीतून कुणी म्हणालं, "दादा, भैंस घर पे बाँध के आया करो." सगळे हसले, नोकरी गेलेलेसुद्धा. बाबाही हसले. मग त्यांनी वायर काढून गुंडाळली. आत कागद का नव्हते, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन समोरच उभी होते. मीही सांगितलं नाही.

पुन्हा ते फाटकावर वाजवायला गेले नाहीत. बोलावणं आलं की बोटं दुखतात म्हणायचे. घरी वाजवत, वायर न जोडता. कागद परत घाला, एवढंच मी म्हणायला हवं होतं. ते म्हणजे तत्त्व सोडणं, असं मला वाटत राहिलं. मागच्या उन्हाळ्यात बाबा गेले.

आईने गिटार पुसायला दिली, तेव्हा आत काहीतरी खसखसलं. चिरेतून मोबाइलचा उजेड टाकला. पार तळाशी, चिमटा पोचला नसेल तिथे, एक पत्रक अडकलं होतं. अर्धी ओळ दिसत होती: 'काम पर वापस लो'.

बाबांनी सपाट केलेले कागद अजून माझ्या खणात होते. एकेक चुरगळून मी आत घातला. वायर जोडली, ॲम्प मोठा केला, एक तार छेडली.

गिटार हंबरली नाही. सूर स्वच्छ निघाला आणि हळूहळू विरला. मला पुढचं वाजवता येत नाही.