माझ्यासाठी घातलेलं गाऱ्हाणं

शाळेने माजी विद्यार्थ्यांचा सत्कार ठेवला. सत्कारमूर्ती तीन: एक हृदयाचा डॉक्टर, एक परदेशी बँकेतला बडा साहेब आणि मी, हायकोर्टात वकिली करणारी. 'शाळेने मला कसं घडवलं' यावर प्रत्येकाने थोडं बोलायचं होतं. आईवडिलांना आवर्जून घेऊन या, असं निमंत्रणात लिहिलं होतं. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. आई आली. ठेवणीतलं लुगडं नेसून, कापडी पिशवी मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसली. मी इंग्रजीत बोलले. शिस्त, आत्मविश्वास, मूल्यं वगैरे जे सगळे बोलतात तेच. आईला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण टाळ्या तिने सगळ्यांचे हात थांबल्यावरही वाजवल्या.

डोंबलाची मूल्यं! शाळेने मला कसं घडवलं ते त्या सभागृहात फक्त तिला माहीत होतं, आणि तिच्या हातात कुणी माईक दिला नाही.

आम्ही घोडपदेवचे. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर फणसवाडीतल्या एका इमारतीत लिफ्टमन म्हणून लागले. तिथले एक गृहस्थ शाळेच्या कमिटीवर होते. रोज वर-खाली नेणाऱ्या माणसाची दया आली असेल, त्यांनी शब्द टाकला आणि चाळीतली मी गिरगावातल्या त्या इंग्रजी शाळेत जाऊन बसले. सगळी चाळ बघायला आली होती. बूट घातलेली मुलगी आमच्या मजल्यावर आधी कुणी पाहिली नव्हती.

पहिल्याच महिन्यात मी वर्गात उभी राहिले आणि म्हटलं, "माका पाणी व्हया." आमच्या घरी मालवणी बोलायचे, मला दुसरं काही येतच नव्हतं. वर्ग फुटला हसून. बाई हसल्या नाहीत. त्यांनी दुसऱ्या दिवशी आईवडिलांना बोलावलं आणि छान शुद्ध मराठीत समजावलं, "तुम्ही घरी जे बोलता तेच हिच्या तोंडात येतं. ते बंद करा. नाहीतर मुलगी कायमची मागे राहील."

बाई दुष्ट नव्हत्या. त्या हे सगळ्याच पालकांना सांगत असणार. बाकीचे पालक माना डोलवायचे आणि घरी जाऊन हवं ते बोलायचे. पण आम्ही पडलो कोकणातली माणसं. मोठ्या माणसाने सांगितलेली गोष्ट आम्ही देवाच्या कानावर घालतो.

त्याच संध्याकाळी वडिलांनी आंघोळ केली, फळीवरच्या देवांसमोर नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. गावाकडे एकाने देवाला मोठ्याने मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून त्याला दुजोरा द्यायचा, तसं. वडील माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाक साहेबासारख्या बोलाक येवंदे."

आई म्हणाली, "व्हय म्हाराजा."

"आमची भास तेच्या तोंडात येव नको, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

आमची भाषा बंद करायचं मागणंसुद्धा आमच्याच भाषेत मागितलं. देवाला दुसरी कळत नसावी. माझा धाकटा भाऊ तेव्हा रांगत होता. नारळ फुटला, मला खोबरं मिळालं, मी खुशीत खाल्लं.

वडिलांचं निभावलं. लिफ्टमध्ये कानावर पडून त्यांना थोडं इंग्रजी यायला लागलं होतं आणि पेपर वाचून पुस्तकी मराठीही जमायची. आईजवळ मालवणीशिवाय काहीच नव्हतं. म्हणून ती माझ्याशी बोलायचीच थांबली. गोवर आलेला माणूस घरातल्या पोरांपासून लांब बसतो तशी ती माझ्यापासून लांब बसायला लागली. आपल्यामुळे हिला लागण नको. मग खुणा. मग वडिलांनी शिकवलेले थोडे शब्द: कम, ईट, स्टडी, स्लीप. ताट वाढून म्हणायची, "ईट." मी जेवायचे. आजारी पडले की दुपारभर कपाळावर पट्ट्या बदलत बसायची, हाताने सगळं करायची, तोंडातून चकार शब्द नाही. मी मोठी झाले त्या दिवशी, म्हणजे बाईच्या जातीला जे सांगायचं असतं ते सांगायच्या दिवशी, तिने शेजारच्या मावशींना बोलावून आणलं. मावशी सांगत होत्या आणि आई दाराला टेकून उभी होती. मावशी मध्येच म्हणाल्या, "अगं, तू सांग की, आई आहेस ना!" आईने नुसती मान हलवली.

भाऊ पलीकडच्या गल्लीतल्या म्युनिसिपालिटीच्या शाळेत गेला. त्याच्यासाठी गाऱ्हाणं नव्हतं. एकीचं भलं होतंय तेवढं पुरे, असा हिशेब. त्यामुळे त्याला सगळं मिळालं. "मेल्या, खय उंडगत होतंस? जेवाण थंड झाला मरे!" असा दणका दारातच. मग जेवता जेवता गावच्या गोष्टी, कुणाच्या होडीला काय लागलं, कुठल्या चुलत सासूने कुणाचा बांगडा पळवला. दोघं खिदळायची. मी गॅलरीत पुस्तक घेऊन बसलेली असायचे आणि पान उलटायचं विसरायचे. मालवणी माझ्याजवळ त्या गॅलरीमुळेच टिकली, पण फक्त ऐकण्यापुरती. आत पाऊल टाकलं की दोघं गप्प. आई पदर सारखा करायची, जणू घरात कुणी बाहेरचं आलंय.

भावाचा मला इतका राग यायचा की त्याची गोष्ट चालू असली की मी मुद्दाम आत जायचे. थांबव म्हणावं! मला नव्या फ्रॉकचं अप्रूप नव्हतं. मला त्या शिव्या हव्या होत्या.

बाकी गाऱ्हाणं फळलं, पुरेपूर फळलं. वक्तृत्व स्पर्धांचे कप घरी आले. आईने ते देवांच्या फळीवर मांडले, दर दिवाळीला चिंचेने घासले. मी कायदा शिकले, कोर्टात उभी राहिले, दादरला घर घेतलं. समोरचा वकील माझं इंग्रजी ऐकतो आणि चहाच्या वेळी विचारतो, "शाळा कुठली?" नाव सांगितलं की त्याला सगळं समजल्यासारखं होतं. माझ्या बोलण्यावर लोकांची घरं, नोकऱ्या, जामीन लटकलेले असतात. आणि माझी सख्खी आई माझ्याशी बोलत नव्हती. हे कुणाला सांगणार? भांडण असतं तर मिटवलं असतं.

मी कमावती झाल्यावर तिला सांगून पाहिलं, "आई, पुरे आता, बोल माझ्याशी." तिने प्रयत्न केला, नाही असं नाही. टीव्हीवरून उचललेलं मराठी बोलायची, "चहा घेणार का? काम बरं चाललंय ना?" बँकेतल्या बाईशी बोलावं तसं. दोन वाक्यं झाली की थकायची आणि उठून आत जायची.

सत्काराची शाल आणि ते काचेचं स्मृतिचिन्ह तिने घरी नेलं. देवांसमोर ठेवून मला म्हणाली, "गुड. व्हेरी गुड." त्याच वर्षी तिच्या किडन्या गेल्या. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, म्हणजे काय ते आम्हाला कळलं. घोडपदेवच्या त्याच खोलीत, जिथे आता भाऊ राहतो, तिची खाट टाकली. मी कोर्ट सुटलं की जायचे. मला एकच हवं होतं. तिने जायच्या आधी एकदा माझ्याशी तिच्या बोलीत बोलावं. काहीही बोलू दे, मेली म्हणू दे, पण मला म्हणू दे.

एकदा मीच सुरुवात केली. मनाशी घोकून गेले होते. तिचा हात धरून म्हटलं, "आये, माका तुज्या गावची गोष्ट सांग गो." तिने माझ्याकडे टक लावून पाहिलं. मग मान वळवून भावाला विचारलं, "ता माजी मस्करी करता काय रे?"

भाऊ कसनुसा हसला. आयुष्यभर जिच्या बोलण्याचे लोकांनी पैसे मोजले तिला त्या खोलीत एक वाक्य धड बोलता आलं नाही. मी गॅलरीत जाऊन रडले. चाळीतल्या बायका बघत होत्या, बघू देत.

मग माझ्या डोक्यात आलं की गाऱ्हाण्याने बांधलंय तर गाऱ्हाण्यानेच सुटेल. माझा ह्यावर विश्वास आहे का? नाही. पण तिचा होता. मी नारळ आणला आणि भावाला म्हटलं, "बाबांनी मागितलं होतं ते देवाला परत दे. तू बोल, ती व्हय म्हणेल, झालं." तो आढेवेढे घेत होता. मी अक्षरशः वसकले त्याच्यावर. शेवटी फळीसमोर उभा राहिला. कपांच्या मागे देव दिसतही नव्हते.

"बा देवा म्हाराजा," तो म्हणाला, "आमच्या बापाशीन ह्या चेडवासाठी जा मागणा केलेला, ता पुरा झाला. आता आवशीक तेच्याशी बोलाक मोकळी कर, रे म्हाराजा."

आम्ही दोघं आईकडे बघत राहिलो. ती जागी होती, सगळं ऐकत होती. तिने ओठ घट्ट मिटून घेतले. भावाने पुन्हा म्हटलं, "मोकळी कर, रे म्हाराजा." तिचे ओठ हलले नाहीत. मी म्हटलं, "आई, म्हण ना. एवढं एकदा म्हण."

मग ती बोलली. बऱ्याच दिवसांत एवढं सलग बोलली नव्हती. पण माझ्याकडे न बघता, भावाकडे बघून. "तेका सांग, देवाकडे मागून घेतलेला परत देवचा नसता. चेडू मोठा झाला. मी तेच्यासाठी तोंड बंद केलंय, ता फुकट घालव नको म्हणान सांग."

बोलून तिने डोळे मिटले. त्या आठवड्यातच ती गेली.

पण ती हे बोलली त्या क्षणी मी खाटेच्या कडेला, तिच्या श्वासाच्या अंतरावर बसले होते आणि मला शब्द न् शब्द समजला होता. भाऊ माझ्याकडे वळला आणि माझ्याशी नेहमी बोलतो त्या मराठीत म्हणाला, "ताई, आई म्हणतेय की देवाकडून घेतलेलं परत देऊ नये."

मी म्हटलं, "कळलं रे मला."

तरी त्याने मला ते पुन्हा एकदा, सावकाश, समजावून सांगितलं.